साळवे सरांची मुरड

साळवे सरांच्या हातात दिलेला कागद सरळ परत येत नाही. रजेचा अर्ज द्या, परीक्षेची सूचना द्या, लग्नपत्रिका द्या. सर बोलत असतात आणि त्यांची बोटं आपापलं काम करत असतात. बोलणं संपेपर्यंत कागदाचा पंखा झालेला असतो, पंख्याची पट्टी, आणि पट्टीचा वेलदोड्याएवढा गठ्ठा. एकदा संस्थेच्या सचिवांचं पत्र प्राचार्यांनी त्यांना वाचायला दिलं. सरांनी वाचलं, "योग्य आहे" म्हणाले आणि परत केलं. प्राचार्य ते उलगडत बसले. उलगडत उलगडत सहीपाशी आले तेव्हा सही एकीकडे आणि सचिव दुसरीकडे. तेव्हापासून आमच्या कॉलेजात महत्त्वाचा कागद साळवे सरांना लांबूनच दाखवतात.

"घडी घातली तर बिघडलं कुठं?" सर विचारतात. "जागा तेवढीच, काम जास्त."

"जागा तेवढीच, काम जास्त" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की स्वैपाकघरातली मांडणी लावतानाही तेच मनात येतं. सर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतात, मी रसायनशास्त्र. शिवाय सोनईत आमच्या दोघांच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. म्हणजे दिवसभर स्टाफरूममध्ये सर, आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे सर. माझे यजमान म्हणतात, तुझा संसार दोन ठिकाणी चाललाय. मी म्हणते, दोन्हीकडे कामच आहे.

सरांच्या मते जगात जे जे शहाणं आहे ते घडी घातलेलं आहे. आतडं घडी घालून बसलंय म्हणून पोटात मावतं. मेंदूला वळ्या आहेत म्हणून तो डोक्यात मावतो. लुगडं नेसायचं तर निऱ्या हव्यात. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी निऱ्यांवर इतकं मनापासून व्याख्यान दिलं की इंग्रजीच्या नवीन बाई दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस घालून यायला लागल्या.

त्यांचं शिर्डीचं प्रकरण तर आमच्याकडे अजून निघतं. बारावीच्या सहलीबरोबर सर गेले होते. सर ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे, त्यामुळे ते बाहेर बसपाशी थांबतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण दर्शनबारी पाहिली आणि सर हरखले. लोखंडी कठड्यांमधून रांग जाते, वळते, परत येते, परत वळते. "कदमबाई, बघा!" ते मला ओरडून सांगू लागले. "मंडप केवढा आणि माणसं केवढी! जागा तेवढीच, काम जास्त!" आणि ते रांगेत शिरले. प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचे. मागचे लोक ढकलायचे, सुरक्षारक्षक म्हणायचा, "काका, पुढं चला." सर समाधीपाशी पोहोचले, अदबीनं हात जोडले, आणि रक्षकाला म्हणाले, "मला परत रांगेत जायचं असेल तर कुठून?" रक्षकाला वाटलं फार मोठा भक्त आहे. त्यानं त्यांना नारळ दिला.

एवढ्या सगळ्या घड्यांमध्ये सरांची लाडकी घडी मात्र कुणाला डोळ्यांनी न दिसणारी. तिचं नाव मेसोझोम.

जीवशास्त्र ज्यांनी सोडून दिलंय त्यांच्यासाठी सांगते. जिवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला बाहेरून भिंत असते आणि भिंतीच्या आत पातळ पटल. हे पटल काही ठिकाणी आत वळून त्याची घडी पडते, तिला मेसोझोम म्हणतात, आणि ती बरीच कामं करते, असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. पुस्तक इंग्रजी, पोरं खेड्यांतली. सर उशीचा अभ्रा घेऊन वर्गात जायचे. हवा भरून फुगवायचे, तोंड मुठीत धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एक कोपरा आत ढकलायचे. "ही मुरड," म्हणायचे. मुरड हा शब्द त्यांच्या पत्नीचा, शांतावहिनींचा. करंजीची कड बोटांनी दुमडत जातात ती मुरड. सर घरी 'अंतर्वलन' असा काहीतरी शब्द घोकत बसले होते, तेव्हा वहिनी परातीवरून म्हणाल्या, "एवढं कशाला? ही मुरडच की."

आणि मुरडीची कामं चार. ती सरांनी अशी बसवली होती: चूल, भिंत, वाटणी, मोरी. चूल म्हणजे श्वसन, अन्नातून ऊर्जा काढणं. भिंत म्हणजे पेशीची नवी भिंत बांधणं. वाटणी म्हणजे एका पेशीच्या दोन होताना डीएनए दोघींना सारखा वाटून देणं. मोरी म्हणजे स्राव बाहेर सोडणं. आमच्या कॉलेजातून शिकून गेलेला कुणीही तालुक्यात कुठंही भेटू द्या, ट्रॅक्टरवर, बँकेत, नगरच्या एमआयडीसीत, त्याला "मेसोझोम?" विचारा. तो बेसावधपणे "चूल, भिंत, वाटणी, मोरी" म्हणतो. बाकी सगळं विसरलेला असतो.

सरांची एकुलती मुलगी रूथ हीसुद्धा त्याच अभ्र्यावर शिकली. फरक इतकाच की ती पुढे शिकतच गेली. आता ती जर्मनीत एका प्रयोगशाळेत जिवाणूंवरच काम करते. आणि एका रविवारी तिनं फोनवरून वडिलांना कळवलं की मेसोझोम नसतं.

माझी रविवारची झोप गेली ती त्या दिवसापासून. शांतावहिनी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुपारी जेवण करून मी आडवी झाले होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "नसतं म्हणजे? नसतं म्हणजे काय? मी काय आयुष्यभर पोरांना हवा शिकवली?" मी दचकून उठले. यजमान म्हणाले, "कुणाशी भांडतायत?" मी ऐकलं आणि सांगितलं, "जिवाणूवरून आहे. झोपा."

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारीही. रूथचं म्हणणं सरळ होतं. पेशी मोठ्या यंत्राखाली बघायची तर आधी तिला मारून ऑस्मियमसारख्या रसायनात बुडवावं लागतं. त्यात पटल आकसतं आणि चुणी पडते. तीच पेशी क्षणात गोठवून पाहिली तर चुणी नसते. म्हणजे घडी पेशीची नाही, बघणाऱ्यानं पाडलेली. रसायनशास्त्रवाली म्हणून मला हे पहिल्याच रविवारी पटलं. सरांना पटेना. त्यांची एकेक उत्तरं भिंतीतून येत. "तुमच्या गोठवण्यात घडी उलगडत नसेल कशावरून?" कधी म्हणायचे, "उन्हावर जगणाऱ्या त्या जांभळ्या जिवाणूंत घड्या असतात, हे तूच म्हणतेस. खऱ्या असतात, त्यांच्यात उजेड पकडायचं काम चालतं. मग माझ्या साध्या जिवाणूनं काय पाप केलंय?" आणि अगदीच कोंडीत सापडले की, "रूथ, मी तुझा बाप आहे!" याला तिकडून काय उत्तर येत असे ते मला ऐकू येत नसे, पण सर त्यानंतर पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करत.

मी खिडकी लावून झोपायला लागले. माझं ठाम मत झालं होतं की माणूस हुशार पण हेकट आहे, आणि पोरीचा फोनचा वेळ फुकट घालवतो आहे.

दोन-तीन वर्षं रविवार असेच गेले. मग दिवाळीच्या आधी एक दिवस प्रयोगशाळेच्या वेळेचा घोळ झाला. माझा तास होता आणि अकरावीचा वर्ग सरांनी सोडला नव्हता. मी दारात उभी राहिले. सर पाठमोरे होते. फळ्यावर जिवाणू काढलेला, आणि त्यातली मुरड त्यांनी डस्टरनं पुसून टाकली होती.

"आपल्या गोरखमामाचे फोटो बघितलेत?" सर वर्गाला विचारत होते. गोरख आमचा शिपाई. "कॉलेजच्या कुठल्याही वर्षाचा फोटो काढा. फोटोवाला 'हलू नका' म्हणतो आणि गोरखमामा डोळे मिटतात. दरवर्षी! परगावच्या माणसानं नुसते फोटो बघितले तर काय म्हणेल?"

"मामा आंधळा हाय म्हनंल!" वर्ग ओरडला.

"आणि मामा आंधळे आहेत?"

"न्हाई! कॉपी लगेच धरत्यात!"

"तसंच मेसोझोम. फोटो काढण्याच्या खटपटीत पडलेली चुणी. मुळात नसतं."

पुढच्या बाकावरची अश्विनी उभी राहिली. "सर, पन गाइडात तर चार कामं दिलीत. मग पेपरात हाय म्हनून लिव्हायचं का न्हाई म्हनून?"

सर तिच्याच बोलीत म्हणाले, "पेपरात हाय. खऱ्यात न्हाई."

मी दारातच राहिले. तास मागायला आले होते हे विसरले. आदल्याच रविवारी हा माणूस "असतं, असतं, असतं!" म्हणून पाऊण तास ओरडला होता.

त्या संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. मला आडवळणानं विचारता येत नाही.

"सर, मेसोझोम आहे की नाही?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? जिवाणूत!"

"वर्गात नाही," सर म्हणाले. "फोनवर आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या या बघण्याला पोरं घाबरतात. सरांनी बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेतला आणि घड्या घालायला लागले.

"शांता होती तेव्हा फोन तीच घ्यायची," ते म्हणाले. "मी मधे एकदा घ्यायचो. 'बरी आहेस ना? थांब, आईला देतो.' एवढंच. इतकी वर्षं पोर बाहेर, पण आमचं बोलणं एवढंच. शांता गेल्यावर रूथ परत गेली, आणि पोचल्यावर रविवारी फोन आला. मी म्हटलं, 'बरी आहेस ना?' ती म्हणाली, 'हो.' आणि मी म्हटलं, 'थांब, आईला देतो.'"

कागदाची पट्टी झाली होती.

"सवयीनं आलं हो तोंडातून. फोन हातात धरून मी स्वैपाकघराकडे दोन पावलं चाललोसुद्धा. मग उभा राहिलो. तीही काही बोलेना. फोन ठेवावा तर ठेवता येईना. मग तिलाच काय सुचलं कोण जाणे, म्हणाली, 'पप्पा, तुम्ही अजून मेसोझोम शिकवता का?' मी म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'ते नसतं.' मला मुद्दा तेव्हाच पटला होता, कदमबाई. इतका सोपा मुद्दा. पण मी 'बरोबर' म्हटलं असतं तर फोन तिथंच संपला असता. म्हणून म्हटलं, 'नसतं म्हणजे?'"

"आणि तेव्हापासून हेच?"

"दर रविवारी. ती तयारी करून येते. मीही करतो."

मला हे काही पटलं नाही. मी म्हटलं, "अहो, सरळ बोला ना पोरीशी. जेवलीस का, थंडी आहे का, असं विचारावं."

"विचारून पाहिलं. 'जेवलीस का?' तर म्हणाली, 'जेवले.'" सरांनी वेलदोडा झालेला कागद बशीत ठेवला. "पुढं काय?"

मी कप घेऊन घरी आले.

त्या डिसेंबरात रूथ नाताळला येणार होती. येण्याआधी तिनं मला फोन केला. "काकू, पप्पांना सांगू नका. मी प्राचार्यांशी बोलले आहे, अकरावीच्या वर्गावर एक तास घेणार आहे. पप्पांना पटत नाही तर नाही, पण पोरांना तरी खरं कळायला हवं. इतकी वर्षं चुकीचं शिकवतायत हो ते." आवाजात राग नव्हता, काळजी होती. बापाची लाज निघू नये म्हणून ती स्वतः निस्तरायला येत होती.

प्राचार्यांच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सर माझ्या प्रयोगशाळेत आले, चेहरा उतरलेला.

"कदमबाई, त्या दिवशी अकरावीला सुट्टी द्या."

"कशाची?"

"कशाचीही."

"सर, दोन-तीन वर्षं तुम्ही पोरांना नाही म्हणून सांगितलंय. एक पोरगं बोललं की झालं. त्यापेक्षा तुम्हीच रूथला आधी सांगून टाका."

"आणि मग रविवारी काय बोलू?" सर म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की मी हातातली परीक्षानळी धुवायची थांबले. मग परत धुवायला लागले. सुट्टी मी दिली नाही. सुट्टी देणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी दिली नसती.

सरांनी मग त्यांच्या परीनं बंदोबस्त केला. वर्गाला बजावलं, "ताई येतील. मेसोझोम विचारतील. सगळ्यांनी पेपरातलं उत्तर द्यायचं. खऱ्यातलं कुणीही बोलायचं नाही." खरं लपवायची अशी तंबी त्या वर्गाला पहिल्यांदाच मिळाली असेल, पोरं खूष झाली.

तासाला मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. सर खिडकीपाशी उभे. रूथ आईसारखी दिसते, बुटकी आणि ठाम. तिनं विचारलं, "मेसोझोमची कार्यं कोणती?"

"चूल, भिंत, वाटणी, मोरी!" वर्ग एका सुरात गरजला. कौलं हलली.

रूथला हसू आलं. लहानपणी हे तिनंही म्हटलेलं. मग तिनं खडू घेतला आणि सावकाश, वडिलांकडे न बघता सांगायला लागली. घडी खरी कशी नाही, पेशी रसायनात बुडवली की काय होतं. चांगलं सांगत होती. "समजा," ती म्हणाली, "तुमचा कुणी फोटो काढला आणि नेमके तुम्ही—"

"गोरखमामा!" मागून कुणीतरी कुजबुजलं. माझ्या पुढची अख्खी रांग फिस्सकन हसली. मी खाकरले, पण उशीर झाला होता. हसू पुढच्या बाकापर्यंत गेलं.

"काय झालं?" रूथनं विचारलं.

सगळे सरांकडे बघायला लागले. सर खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होते. शेवटी अश्विनी उभी राहिली. तिला गप्प बसणं जमत नाही.

"ताई, पेपरातलं सांगू का खऱ्यातलं?"

"म्हणजे?"

"पेपरात हाय. खऱ्यात न्हाई. फोटो काढताना गोरखमामा डोळे मिटत्यात, तसं हाय ते. सरांनीच शिकवलंय."

"कधी?"

"आत्ता, दिवाळीच्या आधी. आन् माझ्या मोठ्या बहिनीलाबी हेच शिकवलंतं. ती आता नर्सिंगला हाय."

रूथच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. ती वळून वडिलांकडे बघत होती. सरांच्या हातात खडूच्या डबीचं झाकण होतं, पुठ्ठ्याचं. ते त्याची घडी घालायचा प्रयत्न करत होते आणि पुठ्ठा ऐकत नव्हता.

"बरोबर आहे," रूथ म्हणाली. अश्विनीला म्हणाली की आणखी कुणाला, कळलं नाही. "बस. सरांनी बरोबर शिकवलंय." आणि उरलेला तास तिनं जांभळ्या जिवाणूंवर घेतला, ज्यांच्यात घड्या खरोखर असतात.

घरी ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. सरही नाहीत. नाताळ झाला, पाहुणे आले आणि गेले, दोघं एकमेकांना "चहा?" आणि "भाजी अजून?" एवढं विचारत राहिले. भिंतीपलीकडे इतकी शांतता होती की मला चैन पडेना.

रूथ जायच्या आदल्या दिवशी सरांनी करंज्या करायला घेतल्या. मला हाताखाली बोलावलं. मी लाटून सारण भरून दिलं. अर्ध्या करंज्या मी कातणानं कापल्या, अर्ध्या सरांनी बोटांनी मुरडल्या. माझ्या कातणाच्या दहा होईपर्यंत सरांची एक व्हायची, पण मुरड अशी बसायची की दोरखंडाचा पीळ. ही शांतावहिनींची मुरड. आमच्याकडे गौरी जायच्या दिवशी मुरडीचे कानवले करतात, गौरीनं मुरडून परत यावं म्हणून. सासरी निघालेल्या लेकीच्या डब्यातही घालतात. वहिनी चर्चला जाणाऱ्या, पण रूथ निघाली की तिच्या डब्यात मुरडीच्याच करंज्या असायच्या. सर तेव्हा चेष्टा करायचे. "करंजीच्या कडेचा आणि विमानाच्या परतीचा काय संबंध? अशास्त्रीय!"

"संपलं, कदमबाई," सर मुरड घालता घालता म्हणाले. "आता भांडायलाही काही राहिलं नाही."

"तेल तापलंय," मी म्हटलं. "आधी ह्या सोडा."

सकाळी शिर्डीच्या विमानतळाला जायला गाडी आली. डबा भरताना मी पाहिलं, सरांनी माझ्या कातणाच्या सगळ्या करंज्या घरात ठेवल्या होत्या. डब्यात फक्त मुरडीच्या.

"काय सर," मी म्हटलं, "अशास्त्रीय ना?"

"कातलेल्या प्रवासात उघडतात," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "मुरडीच्या टिकतात. यांत्रिक कारण आहे."

सर बॅग ठेवायला गाडीच्या मागे गेले तेव्हा रूथ माझ्याजवळ आली. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग ते माझ्याशी का भांडायचे? आणि मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगायचं त्यांनी होतं," मी म्हटलं. "रविवारी फोन कर, आणि 'जेवलात का' विचारू नकोस."

मग सर आले, आणि दोघांचं "बरं", "हो", "पोचलीस की कळव" झालं, आणि गाडी गेली.

रविवारी दुपारी मी जेवून आडवी झाले. खिडकी लावायला उठले तर पलीकडच्या ओट्यावर सर बसलेले दिसले, फोन मांडीवर. बाजूला चर्चमधून आणलेला कागद, घड्या घालून घालून आता आणखी घालण्यासारखा राहिलेला नव्हता. फोनची नेहमीची वेळ होऊन गेली होती. यजमान म्हणाले, "काय बघतेस?" मी म्हटलं, "ऊन."

फोन वाजला.

"हं, रूथ," सर म्हणाले. "बरी आहेस ना?"

मग काही नाही. फार वेळ काही नाही. मी खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी होते.

"काय?" सर म्हणाले. "कुठल्या पेशीत? ... औषधानं दुखावलेल्या? ... दिसते म्हणजे? मुरड दिसते?" ते उभे राहिले. "नाही, नाही, नाही! अगं ती चुणी! दुखावली म्हणून पडलेली चुणी! तिला तू मेसोझोम म्हणणार? ... कार्य? कसलं कार्य? ... रूथ, मेसोझोम नसतं! नसतं, नसतं, नसतं! मी इतकी वर्षं पोरांना शिकवतोय की नसतं, आणि तू मला आता... कुणी शिकवलं तुला हे?"

ओट्यावरून दोन मांजरं पळाली. सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होते, हात हवेत. रस्त्यावरून सायकलवर जाणारा माणूस थांबून बघायला लागला. पाऊण तास हे चाललं. मग एकदम आवाज खाली आला, आणि मला कान द्यावा लागला.

"आणि करंज्या?" सर विचारत होते. "... मुरड उलगडली नाही ना?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सर ओट्याच्या पायरीवर बसले आणि ऐकत राहिले.

यजमान म्हणाले, "अगं, लाव ती खिडकी, झोपू दे."

मी म्हटलं, "राहू दे. वारा येतोय."